मधलं ‘म्हणे’ गळलं की

त्या व्हायव्हातलं बाकी फारसं आठवत नाही, पण सरांची पेन्सिल आठवते. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी, दोन्हीकडून तासून तासून बोटभर उरलेली. तोंडी परीक्षेला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक म्हणून आले होते ते. माझा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यांनी हातात घेतला आणि पहिलं पान न बघता थेट मागून उघडला, संदर्भसूचीवर. मी मनातल्या मनात खूश, कारण सूची आपली जंगी होती, ४२ नोंदी, वर्गात एवढ्या कुणाच्याच नव्हत्या, आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत जागून टाइप केल्या होत्या.

पेन्सिल एकेका नोंदीवरून सरकत सरकत एका जागी थांबली.

“हे पुस्तक वाचलंत?”

“हो सर.”

“पूर्ण?”

“म्हणजे... लागेल तेवढं.”

“बरं. माझ्याकडे आहे हे. पानं २८८ आहेत त्याला. तुम्ही ३१२व्या पानावरचं वाक्य दिलंय.”

मी ‘वेगळी आवृत्ती असेल सर’ असं काहीतरी पुटपुटले. त्यावर ते म्हणाले, एकच निघाली आवृत्ती. आणि हसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

नापास वगैरे नाही केलं. त्या नोंदीपुढे निळ्या टोकाने एक बारीक खूण केली आणि म्हणाले, “ज्याच्याकडून ऐकलं त्याचं नाव लिहायचं. एवढंच असतं.” मग पुढचे प्रश्न विचारले, त्यांची मी काय उत्तरं दिली देव जाणे.

झालं काय होतं, तर ते पुस्तक मी डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. एका जर्नलमधल्या लेखात ते वाक्य होतं, वाक्याला तळटीप होती, तळटिपेत लेखक, पुस्तक, पान ३१२. मला वाक्य आवडलं, मी वाक्यही उचललं आणि तळटीपही उचलली. ज्या लेखात वाचलं त्याचं नाव मात्र टाकलं नाही, कारण लेखापेक्षा पुस्तकाचं वजन जास्त पडतं असं वाटलं. आणि गंमत म्हणजे आपण काही चोरलंय असं मला तेव्हा वाटतच नव्हतं, उलट संदर्भ दिलाय की, अगदी पान नंबरासकट!

आता मी टेबलाच्या पलीकडे बसते, दरवर्षी पोरापोरींचे रिपोर्ट वाचते. आणि मीही मागूनच उघडते.

मराठीत आपल्याकडे एक फार कामाचा शब्द आहे, ‘म्हणे’. ‘ती नोकरी सोडतेय’ आणि ‘ती म्हणे नोकरी सोडतेय’, बघा किती फरक पडला. पहिल्या वाक्याची जबाबदारी माझी. दुसऱ्यात मी आधीच हात वर केलेत, बाई गं, मी नुसतं ऐकलंय, खरंखोटं तिलाच विचार. दोन अक्षरांत अख्खी तळटीप बसवलीय आपल्या भाषेने. आणि ऐकणाऱ्याच्या हातातही तेवढंच धारदार हत्यार दिलंय, ‘कशावरून?’. मला आता इतक्या वर्षांनी असं वाटायला लागलंय की रिसर्च रायटिंग म्हणून जे काही आपण शिकवतो ना, वर्कशॉप घेतो, स्लाइड्स दाखवतो, त्याचा गाभा या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी आहे, स्वल्पविराम कुठे द्यायचा आणि पूर्णविराम कुठे हा त्यानंतरचा तपशील.

मुलं विचारतात, मॅडम, संदर्भ कुठे द्यायचा आणि कुठे नाही? प्रत्येक वाक्याला द्यायचा का? मी म्हणते, वाक्य लिहून झालं की स्वतःलाच विचार, हे वाचून समोरचा ‘कशावरून?’ म्हणेल का? पाणी शंभर अंश सेल्सिअसला उकळतं, यावर कुणी कशावरून म्हणत नाही. ‘मोबाइलमुळे तरुणांची एकाग्रता कमी झाली आहे’ यावर मी तरी नक्की म्हणणार. किती कमी, कुणाची, कुणी मोजली, कशी मोजली? तर हे असलं वाक्य रिपोर्टच्या पहिल्याच परिच्छेदात असतं, दरवर्षी असतं, शब्दही बहुतेक तेच असतात, आणि त्याच्यापुढे संदर्भ कधीही नसतो, कारण ‘ते सगळ्यांना माहितीये मॅडम’.

घोळ होतो तो प्रवासात. पहिला माणूस लिहितो, आम्ही पाहिलेल्या इतक्या लोकांमध्ये असं दिसलं. दुसरा लिहितो, असं दिसतं म्हणे. तिसऱ्याच्या हातात येईपर्यंत ‘म्हणे’ गळलेलं असतं, चौथा त्या वाक्यावर स्वतःचा मजला चढवतो, आणि पाचव्याला तर खाली पाया होता की नव्हता याच्याशी काही देणंघेणंच नसतं.

हे मी नुसतं रंगवून सांगत नाहीये. १९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जेन पोर्टर आणि हर्शल जिक यांचं एक पत्र छापून आलं. लेख नाही, पत्र. पाच वाक्यांचं. हॉस्पिटलमध्ये दाखल असलेल्या पेशंट्सच्या नोंदी त्यांनी पाहिल्या, त्यातल्या ११,८८२ जणांना अफूवर्गातलं वेदनाशामक किमान एकदा दिलेलं होतं, आणि पूर्वी व्यसन नसलेल्यांमध्ये व्यसन लागल्याची नीट नोंद झालेली फक्त चार उदाहरणं सापडली. बस. आता यातला कळीचा शब्द कुठला? ‘दाखल असलेल्या’. म्हणजे खाटेवरचा पेशंट, औषध नर्सच्या हातून, डोस मोजून. घरी बाटली घेऊन जाऊन महिनोन्महिने गोळ्या खाणाऱ्या माणसाबद्दल त्या पत्रात एक अक्षर नाही. पण पुढे वर्षानुवर्षं ते उद्धृत होत राहिलं ते ‘या औषधांनी व्यसन क्वचितच लागतं’ या एका ओळीसाठी. २०१७ साली त्याच जर्नलमध्ये काही कॅनेडियन संशोधकांनी हिशोब मांडला, ६०८ ठिकाणी त्या पत्राचा संदर्भ दिलेला सापडला, त्यातल्या ७२.२ टक्के ठिकाणी व्यसन क्वचित लागतं याचा पुरावा म्हणून दिलेला होता, आणि ८०.८ टक्के ठिकाणी ते पेशंट हॉस्पिटलमधले होते हे सांगितलेलंच नव्हतं. उत्तर अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाचं जे संकट पुढे उभं राहिलं त्याला या बेफिकीर उद्धृतांचाही हातभार लागला, असं त्या हिशोब मांडणाऱ्यांचं म्हणणं आहे.

मला यात राहून राहून एकच गोष्ट टोचते. पाच वाक्यं होती हो. संदर्भाची नोंद टाइप करायला लागतो त्यापेक्षा ते पत्र वाचायला कमी वेळ लागला असता.

आणि माझ्या त्या ३१२व्या पानाचं म्हणाल, तर त्यावरही अभ्यास आहे. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ साली एक भन्नाट युक्ती केली. लोक मूळ लेख वाचून संदर्भ देतात की दुसऱ्याच्या सूचीतून उतरवून घेतात हे कसं ओळखायचं? विचारून तर कुणी खरं सांगणार नाही (मी तरी कुठे सांगितलं होतं). तर त्यांनी छपाईच्या चुका मोजल्या. एका गाजलेल्या पेपरला ४,३०० ठिकाणी संदर्भ दिलेला, त्यात १९६ ठिकाणी खंड, पान, साल असलं काहीतरी चुकलेलं. पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर फक्त ४५, आणि त्यातली एकच चूक ७८ जणांनी केलेली. परीक्षेत दोघांचं उत्तर बरोबर आलं तर काही सिद्ध होत नाही, पण दोघांचं तंतोतंत एकसारखं चुकलं की बाक जवळ जवळ होते हे कळतंच की. यावरून गणित मांडून त्यांनी अंदाज काढला की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच मूळ लेख वाचत असावेत. अंदाज आहे, मॉडेलवर बेतलेला आहे, तेव्हा हा आकडाही ‘म्हणे’सकटच घ्या. पण मी जेव्हा पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला एकदम हलकं वाटलं, चला, आपण एकटे नव्हतो, आणि लगेच दुसऱ्या क्षणी स्वतःचा राग आला.

आता माझी दुसरी फजिती सांगते, ही शिकवायला लागल्यानंतरची आहे त्यामुळे जास्त लाजिरवाणी.

पहिल्या तासाला मी पालकाची गोष्ट सांगायचे. १८७० च्या सुमारास एका जर्मन केमिस्टने पालकातल्या लोहाचं प्रमाण लिहिताना दशांशचिन्ह एक घर चुकवलं, त्यामुळे पालकात दहापट लोह आहे असा समज जगभर पसरला, बघा, एका टिंबाची चूक किती महागात पडते, तेव्हा बाळांनो आकडे तपासा! वर्ग हसायचा, मला बरं वाटायचं, पाचसहा वर्षं सांगितली असेल. एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, याचा सोर्स काय?”

मी म्हटलं, उद्या देते.

उद्या म्हणजे दोन आठवडे गेले. गोष्ट ज्याला त्याला माहीत, पण जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. शेवटी कळलं ते असं की ही गोष्ट लोकप्रिय व्हायला मोठं कारण म्हणजे १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी लिहिलेला एक लेख, आणि त्यात त्यांनी या दशांशचिन्हाच्या प्रकरणाला संदर्भच दिलेला नव्हता. २०१० मध्ये माइक सटन नावाच्या संशोधकाने खणत खणत मागे जाऊन पाहिलं, तर दशांशचिन्ह चुकल्याचा काही पुरावाच मिळेना. नंतर २०१४ मध्ये ओले ब्यॉर्न रेकडाल यांनी यावरच एक पेपर लिहिला, विद्वानांच्या जगातल्या दंतकथा कशा तयार होतात त्यावर. म्हणजे ‘न तपासता लिहू नका’ हे शिकवायला जी गोष्ट मी सांगत होते तीच न तपासता सांगत होते. वडाची साल पिंपळाला, आणि वर वडपिंपळ कसे ओळखावेत यावर व्याख्यान.

त्या मुलीला मी सगळं जसं घडलं तसं सांगितलं. ती फक्त “ओके मॅडम” म्हणाली आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल याची मला आजही उत्सुकता आहे.

पण मुद्दाम खोटं लिहिणारी मुलं फार कमी असतात बरं का. जास्त असतात ती माझ्यासारखी, ज्यांच्या वहीत घोळ असतो. वाचताना नोट्स काढायच्या, आवडलेलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, त्याच्याच खाली आपल्याला सुचलेलं लिहायचं, मध्ये काही खूण नाही, पान नंबर नाही, मग दीड महिन्याने लिहायला बसलं की वहीतलं एक झकास वाक्य दिसतं आणि आठवत नाही की हे आपलं की त्यांचं. आणि माणसाचा स्वभाव असा की वाक्य झकास असेल तर ते आपलंच वाटतं. माझी यावरची सवय अगदी बाळबोध आहे, पण टिकलीय. वाचायला बसले की नोट काढायच्या आधी पान नंबर लिहायचा, आधी, नंतर नाही. दुसऱ्याचं वाक्य उतरवलं तर अवतरणचिन्हं एवढी मोठी काढायची की लांबून दिसली पाहिजेत. आणि माझं स्वतःचं काही असेल तर हिरव्या शाईने. कॉम्प्युटरवर करणाऱ्यांनी रंग वापरावा, झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरावं, २००६ पासून आहे ते आणि फुकट आहे, पण झोटेरो नोंद जपून ठेवेल, वाक्य कुणाचं ते तुम्हीच सांगायला हवं.

यातूनच पुढे ‘स्वतःच्या शब्दांत’ची भानगड येते. मुलांना वाटतं, शब्द बदलले की झालं. समजा मूळ वाक्य असं आहे (हे मीच रचलंय, शोधत बसू नका): ‘झोप अपुरी झाली की नव्याने शिकलेलं लक्षात ठेवणं अवघड जातं, कारण शिकलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम मेंदू झोपेत करतो.’ आता मला सबमिशनमध्ये मिळतं ते असं: ‘निद्रा कमी झाल्यास नवीन शिकलेल्या बाबी स्मरणात ठेवणे कठीण होते, कारण शिकलेले दृढ करण्याचे पुष्कळसे कार्य मेंदू निद्रावस्थेत करतो.’ झोपेची निद्रा केली, कामाचं कार्य केलं, वाक्याचा सांगाडा हाडनहाड तोच. इंग्रजीत याला पॅचरायटिंग म्हणतात, रेबेका मूर हॉवर्ड यांनी रूढ केलेला शब्द, आणि मला त्यांचं हे आवडतं की त्यांनी याला सरसकट चोरी म्हटलं नाही, नवखा माणूस अवघड मजकुराशी झटापट करताना असंच लिहितो असं त्या म्हणतात. मलाही ते पटतं. पोहायला शिकताना काठ धरून पाय मारतातच की. फक्त तेच पोहणं म्हणून दाखवू नये.

मग स्वतःच्या शब्दांत म्हणजे कसं? पुस्तक मिटायचं. खरोखर मिटायचं, बोट घालून ठेवायचं नाही. आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीला सांगतोय असं सांगायचं. ‘रात्रभर जागून पाठ केलेलं सकाळी का आठवत नाही याचं अमक्यांनी दिलेलं कारण असं, की पाठांतर पक्कं व्हायचं तेव्हा आपण जागे होतो.’ हे माझं वाक्य. कल्पना त्यांची, म्हणून नाव त्यांचं, पण मांडणी माझी, कारण मला रात्रभर जागण्याबद्दल बोलायचं होतं. आणि मिटलेल्या पुस्तकावरून सांगता आलं नाही, तर आपल्याला ते कळलेलं नाहीये, मग परत उघडून वाचायचं, त्याला काही पर्याय मला तरी सापडलेला नाही.

याच्या अगदी उलट काम करतो तो सिमिलॅरिटीचा आकडा, मजकूर उचललाय का ते तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा. “मॅडम, माझं प्लॅगॅरिझम १२ टक्के आलंय, चालेल ना?” अरे, ताप आहे का तो? सॉफ्टवेअर फक्त एवढंच सांगतं की तुझ्या मजकुरातले शब्द दुसऱ्या कुठल्या मजकुराशी जुळतात. नीट अवतरणचिन्हात, नीट संदर्भ देऊन घेतलेला उताराही जुळतो, संदर्भसूची तर जुळणारच, जुळली नाही तर काळजी करायला हवी. आणि दुसऱ्याची अख्खी कल्पना ढापून नव्या शब्दांत लिहिली तर शून्य. पण आकडा दिसला की तो खाली आणायची खटपट सुरू होते, मग समानार्थी शब्द फिरवून देणारी टूल्स आली. त्यांनी काय काय केलंय बघा. काबानाक, लाब्बे आणि मागाझिनोव्ह या तिघांनी २०२१ साली, छापून आलेल्या पेपरांमधली अशी उदाहरणं गोळा केली, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालेलं, ‘ब्रेस्ट कॅन्सर’चं ‘बूझम पेरिल’, ‘बिग डेटा’चं ‘कोलॉसल इन्फर्मेशन’. त्यांनी याला नाव दिलं टॉर्चर्ड फ्रेजेस, छळ केलेले शब्दप्रयोग. हसू येतं खरं, पण हे जर्नलमध्ये छापून आलेलं आहे, कुणीतरी तपासून पास केलेलं आहे.

आणि आता एआय. यावर मी फार बोलणार नाही कारण दर सहा महिन्यांनी बोललेलं शिळं होतं. एवढंच सांगते की मागच्या खेपेस एका रिपोर्टची सूची इतकी देखणी होती, नावं, सालं, खंड, पानं, डीओआय, सगळं जिथल्या तिथे, की मलाच संशय आला. विद्यार्थ्यांची खरी सूची इतकी नीटनेटकी नसते हो. डीओआय म्हणजे दहा-टिंबाने सुरू होणारा तो लांबलचक नंबर, तो डीओआय डॉट ऑर्गवर टाकला की मूळ लेखाच्या पानावर जाता येतं. मी पहिला टाकला, काही सापडलं नाही. दुसरा टाकला तर भलत्याच विषयावरचा लेख. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात दोन वकिलांचं हेच झालं होतं, एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यांनी दिलेले सहा निवाडे चॅटजीपीटीने रचलेले निघाले, ५,००० डॉलर दंड झाला. त्यातल्या एकाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं की हे निवाडे खरे आहेत का, आणि ते हो म्हणालं. चोरालाच विचारायचं, बाबा तू चोर आहेस का!

पण सगळं खापर यंत्रावर फोडायलाही माझं मन धजत नाही. यंत्राच्या आधीची गोष्ट आहे, एल्सेविअर या प्रकाशनाने लेखकांना नमुना म्हणून एक संदर्भ दिला होता, फक्त फॉरमॅट दाखवायला, ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’, साल २०००. असा लेख नाहीच अस्तित्वात. तरी त्याला जवळजवळ ४०० ठिकाणी संदर्भ म्हणून दिलेलं सापडलं, अ‍ॅन-विल हार्झिंग यांनी २०१७ साली यावर लिहिलंय. बऱ्याच जणांनी नमुन्याची ओळ खोडायची विसरून तशीच ठेवली असणार. पण नाव तरी बघा लेखाचं.

फॉरमॅटवरून मुलं रडकुंडीला येतात, आणि यात मी मुलांच्या बाजूची आहे. एपीए ही संदर्भ देण्याची एक पद्धत, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, तिची सुरुवात १९२९ साली सात पानांच्या एका लेखाने झाली होती, आज सातव्या आवृत्तीत ते चारशेहून जास्त पानांचं पुस्तक झालंय. स्वल्पविरामासाठी मार्क कापणं मला कधीच पटलं नाही. पण प्रत्येक पद्धतीमागे एक डोकं आहे, ते कळलं की चिडचिड कमी होते. एपीए नावाला लागून लगेच साल मागते, कारण त्या विषयांत माहिती किती जुनी हा पहिला प्रश्न असतो. एमएलए ही साहित्यवाल्यांची पद्धत सालाऐवजी पान मागते, कारण साहित्यात ते वाक्य नेमकं कुठे आहे ते बघायचं असतं, कादंबरी शिळी होत नाही. इतिहासवाल्यांना तळटिपा प्रिय, कारण त्यांचे पुरावे म्हणजे जुनी पत्रं, दप्तरं, कुठल्यातरी पेटीतला कागद, ते कंसात कसं मावणार. कोण, कधी, काय, कुठे, एवढी चार उत्तरं वाचणाऱ्याला मिळाली की माझ्यापुरतं भागलं. वेबपेज असेल तर पाहिल्याची तारीख टाका आणि जमलं तर वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, जपून ठेवा, लिंका मरतात, २०१४ च्या एका अभ्यासात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रांत दिलेल्या लिंकांपैकी निम्म्या मूळ माहितीपर्यंत पोचतच नव्हत्या.

एक गोष्ट मात्र मी अजिबात सोडत नाही, ती म्हणजे लिटरेचर रिव्ह्यूची, आधीच्या अभ्यासांच्या आढाव्याची, हजेरी. ‘अ यांनी २०११ मध्ये असे म्हटले. ब यांनी २०१४ मध्ये असे म्हटले. क यांच्या मते...’ हजर, हजर, हजर. सगळे एका खोलीत बसलेत आणि कुणी कुणाशी बोलत नाहीये. मी समासात लिहिते, ‘ब यांनी अ यांना वाचलंय का? पटलंय का त्यांना?’ यावर एकदा एक मुलगा तावातावाने आला, म्हणाला मॅडम, ब तर अ च्या पूर्ण विरोधात आहेत, क ने दोघांनाही खोडलंय! मी म्हटलं, मग हे लिही की, हेच तर लिहायचंय. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. भांडण सांगायची परवानगी असते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याचा तो भाग पुढे इतका चांगला झाला की मी दोनदा वाचला.

मूळ पुस्तक प्रत्येक वेळी मिळतं असं नाही, हे मलाही कळतं. जुनं असतं, महाग असतं, आपल्याला न येणाऱ्या भाषेत असतं. तेव्हा सरळ लिहायचं, अमक्यांचं मत, तमक्यांच्या लेखात उद्धृत, आणि सूचीत तमक्यांचा लेख टाकायचा, कारण वाचला तो आहे. मुलांना यात कमीपणा वाटतो. पण ते ‘उद्धृत’ म्हणजे आपलं ‘म्हणे’च आहे, जरा इस्त्री केलेलं.

मागच्या वर्षी एका लायब्ररीच्या रॅकमध्ये दुसरंच काहीतरी शोधत होते तर ते पुस्तक दिसलं. तेच, माझ्या ४२ नोंदींमधलं. पाठीवरचं नाव अर्धं पुसलेलं. उभ्याउभ्याच उघडलं, आधी शेवटचं पान पाहिलं, २८८, सरांचं बरोबर होतं. मग तिथेच स्टुलावर बसून चाळायला लागले. पाऊण तासाने वाक्य सापडलं, पान १३२. कुणाच्या तरी हातून एक आणि तीनची अदलाबदल झाली होती, माझ्या आधीच्याच्या किंवा त्याच्याही आधीच्याच्या. वाक्य जवळजवळ तेच होतं, फक्त त्याच्या सुरुवातीला ‘काही जुन्या नोंदींवरून पाहता’ असे चार शब्द होते, जे माझ्यापर्यंत पोचले नव्हते. आणि वाक्याच्या शेवटी बारीक १४ चा आकडा. खाली तळटीप, एका अहवालाचं नाव, साल, पान.

पान नंबर आधी लिहिला, मग अहवालाचं नाव उतरवून घेतलं. दोन लायब्ररींत विचारून झालंय, अजून मिळालेला नाही.